द्वयर्थी विनोद आणि आपली सरळ भाषा

विनोदाला सोवळे-ओवळे असावे काय, हा वाद मराठीत जुना आहे. परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांत तो नव्या रूपाने उभा राहतो. स्नेहसंमेलनात एखादा जुना मराठी चित्रपट लावला की आजोबा खळखळून हसतात, सूनबाई मान खाली घालतात आणि इंग्लंडमध्ये जन्मलेला नातू विचारतो, "यात हसण्यासारखे काय आहे?" त्याला कोणी उत्तर देत नाही. असा विनोद श्लील की अश्लील, एवढाच प्रश्न विचारून आमच्या मते भागत नाही. हसणारा कोण, त्या हसण्याची किंमत कोण मोजतो, आणि हसून झाल्यावर सरळ बोलण्यासाठी आपल्याजवळ शब्द उरतात काय, हेही विचारले पाहिजे.

द्वयर्थी विनोद म्हटला की दादा कोंडके (१९३२-१९९८) आठवतातच. नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढलेला हा कलावंत वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याने घराघरांत पोचला. १९७१ च्या 'सोंगाड्या'नंतर त्यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. त्यांचे तंत्र साधे होते. शब्द कोशात पाहावा तर निर्मळ. पण उच्चारातील थांबा, चेहऱ्यावरचा भोळेपणा आणि प्रसंग यांमुळे दुसरा अर्थ प्रेक्षकाच्या मनात उमटायचा. सेन्सॉरची कात्री शब्द कापू शकते, प्रेक्षकाचे मन कापू शकत नाही. साच्यावर दिवसभर उभे राहून आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी हे चित्रपट रांगा लावून पाहिले. गावंढळ नायकाने शहाण्यांची फजिती करावी, यात त्यांना आपला विजय दिसत असे. त्या हसण्याला आम्ही नावे ठेवणार नाही.

हा काही मराठी माणसाचाच दुर्गुण नव्हे. ज्या इंग्रजांच्या सभ्यतेचे आपल्याकडे गोडवे गायिले जातात, त्यांच्या समुद्रकिनाऱ्यांवर डोनाल्ड मॅकगिल यांची चावट चित्रे असलेली पोस्टकार्डे लाखोंनी खपली. १९५४ साली लिंकन येथील न्यायालयात त्यांच्यावर खटला होऊन ५० पौंड दंड झाला. पुढे १९५८ पासून 'कॅरी ऑन' चित्रपटांची मालिका निघाली आणि तोच विनोद पडद्यावर राजरोस चालू लागला. जेथे सरळ बोलण्यास बंदी असते, तेथे आडून बोलण्याची कला फोफावते, हे दोन्ही देशांत सारखेच घडले.

परंतु महाराष्ट्रात या विनोदाला जातीचे एक अस्तर आहे. तो तमाशाच्या फडातून आला. गणानंतरच्या गौळणीत कृष्ण आणि पेंद्या गौळणींची वाट अडवीत, मावशी मध्ये पडे आणि सूचक संवादांची आतषबाजी होई. पुढे बतावणीत तिला आणखी रंग चढे. फडावर उभे राहणारे बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी समाजातले. समोर बसून फेटे उडविणारे मात्र सर्व जातींचे. 'अश्लील' हा शिक्का पैसे फेकणाऱ्याच्या कपाळी कधी बसला नाही. तो नाचणाऱ्या स्त्रीच्या कपाळी बसला आणि तिच्यामार्फत तिच्या साऱ्या जातीच्या कपाळी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची हकीकत सर्वश्रुत आहे. खेळ चालू असताना त्यांना कळा सुरू झाल्या, त्या आत जाऊन बाळंत झाल्या आणि दगडाने नाळ तोडून पुन्हा फडावर उभ्या राहिल्या, असे सांगतात. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचे आणि जंतुसंसर्गाचे भय आम्ही वैद्यकात शिकलो. म्हणून ही हकीकत ऐकताना आम्हांला कौतुकापेक्षा संतापच अधिक येतो. डॉ. शैलजा पाईक यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात तमाशा, जात आणि 'अश्लील' ही कल्पना यांचा सविस्तर अभ्यास केला आहे. आपल्या मुलींनी तो अवश्य वाचावा.

या संदर्भात बाबासाहेबांच्या दोन कृती शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, हे ब्राह्मण शाहीर. महार समाजातील पवळाबाईंच्या साथीने त्यांचा फड गाजला. महाडच्या सत्याग्रहासाठी त्यांनी देऊ केलेला पैसा, तो आपल्या स्त्रियांना नाचवून मिळविलेला आहे म्हणून बाबासाहेबांनी नाकारला, ही आठवण चळवळीत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. दुसरी कृती १९३४ ची. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाने वाचकांच्या लैंगिक शंकांना उघड उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या वेळी त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण लैंगिक विषयावरील ज्ञान म्हणजे अश्लीलता नव्हे, ही भूमिका न्यायालयात मांडली गेली.

वरवर पाहता पहिली कृती सोवळेपणाची आणि दुसरी मोकळेपणाची वाटेल. वस्तुतः दोहोंचे सूत्र एकच आहे. शरीराविषयी सत्य बोलण्यात लज्जा नाही. दुसऱ्याच्या शरीराला आणि अब्रूला करमणुकीचे साधन करण्यात आहे.

आपल्या पूर्वजांना हे उमगले होते. भीमराव कर्डक आदी शाहिरांनी १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे केले, तेव्हा तमाशाचाच साचा घेतला, पण त्यातील शृंगारिक चेष्टा काढून टाकली. हशा मात्र ठेवला. त्या हशाचे लक्ष्य होते भोंदू पुरोहित, सावकार आणि शिवाशिव पाळणारा गाव. एक उणीव येथे सांगितली पाहिजे. तमाशा टाकताना तमाशातील स्त्रीलाही आपण नकळत दूर लोटले. विनोद नाकारणे आणि त्या विनोदात भरडलेली बाई नाकारणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आमच्या व्यवसायाकडे वळतो, कारण या प्रश्नाची झळ आम्हांला तेथे रोज जाणवते. तपासणीच्या खोलीत आपल्या वयस्क भगिनी 'खाली दुखते' एवढेच सांगतात. 'खाली' म्हणजे ओटीपोट, मूत्रमार्ग की योनी, हे विचारले की नजर जमिनीकडे जाते. पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले तर ते गर्भाशयाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. ते त्याच आठवड्यात सांगावयाचे असते, नातीचे लग्न उरकल्यावर नव्हे. पुरुषांचे निराळेच. लिंगाला ताठरता न येणे ही तक्रार ते थट्टेत गुंडाळून, दाराशी उठून जाता जाता सांगतात. मधुमेह आणि हृदयविकार यांची ती पहिली सूचना असू शकते, आणि हे दोन्ही विकार आपल्या दक्षिण आशियाई लोकांत फार आहेत. थट्टेवर हसून डॉक्टरही गप्प राहिला, तर एक जीव हकनाक जाईल.

वस्तुतः मराठी गरीब नाही. 'अंग बाहेर येणे', 'पांढरे जाणे', 'लघवीला जळजळणे' असे नेमके शब्द खेड्यातील सुईणींजवळ होते. पण सुशिक्षित होताना आपण ते गावंढळ म्हणून टाकले, आणि उरलेल्या शब्दांवर विनोदाने आणि शिवीने कब्जा केला. इंग्लंडच्या माध्यमिक शाळांत सप्टेंबर २०२० पासून लैंगिक शिक्षण सक्तीचे आहे. आपली मुले शरीराची नावे इंग्रजीत सरळ शिकतात. घरी मात्र त्याच अवयवांविषयी मराठीत एक तर मौन असते, नाही तर आड शब्दांतली थट्टा. मग मराठी ही चोरून हसण्याची भाषा आहे, असे त्यांना वाटले तर दोष त्यांचा नाही.

तथागतांच्या परंपरेत भिक्खू शरीराच्या बत्तीस भागांचे चिंतन करतात. केस, दात, त्वचा येथपासून घाम, लाळ, मूत्रापर्यंत सर्वांची नावे स्पष्ट उच्चारली जातात. त्यात लालसा नाही आणि लाजही नाही. हा वारसा असलेल्या घरांना सरळ शब्दांचे भय का असावे?

चित्रपट बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. स्टॅनमोरच्या बैठकीच्या खोलीत काय पाहावे, हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु नातवाने 'यात हसण्यासारखे काय आहे?' असे विचारले, तर दोन्ही अर्थ त्याला शांतपणे समजावून सांगावेत, आणि ज्या स्त्रीच्या जिवावर तो हशा पिकला तिचीही गोष्ट सांगावी. लेकीला, सुनेला आणि स्वतःच्या डॉक्टरला शरीराचे दुखणे नाव घेऊन सांगण्याची सवय घरात लावावी. बाबासाहेबांनी कर्व्यांसाठी न्यायालयात जे मांडले, ते आपल्या घरात तरी मान्य व्हावे, एवढीच आमची नम्र अपेक्षा आहे.