आमचें भाषिक आतिथ्य

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानंतर ठिकठिकाणीं सत्कार व व्याख्यानें झालीं, आणि त्यांत आम्हींही यथाशक्ति भाग घेतला. त्याचा आम्हांला पश्चात्ताप नाहीं. परंतु पुढें कांहीं दिवसांनीं आमच्याच घरीं एक प्रकार असा घडला कीं, आपलेंच व्याख्यान आठवून आम्हांला संकोच वाटूं लागला.

वर्ध्याच्या टेकडीवर महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. १९७५ सालीं नागपुरास पहिलें विश्व हिंदी संमेलन भरलें, तेथें अशा विद्यापीठाची कल्पना निघाली. १९९६ सालीं संसदेनें कायदा केला व १९९७ पासून तें अस्तित्वांत आलें. चीन, श्रीलंका, थायलंड अशा देशांतून मुलें-मुली हिंदी शिकावयास येथें येतात, आणि त्याच आवारांत आपल्याकडील मुलांसाठीं स्पॅनिश, चिनी, जपानी, फ्रेंच या भाषांचे वर्ग चालत आले आहेत. अशा परदेशी विद्यार्थ्यांपैकीं एक मुलगी एका स्नेह्यांबरोबर आमच्याकडे आली. चहा झाला, वर्ध्याच्या रिवाजाप्रमाणें गोरसपाक पुढें आला, आणि ती मुलगी म्हणाली, "काकू, आणखी एक देता का?"

मराठींत! यावर आमच्या घरांतून उत्तर गेलें, "हां हां, लो ना बेटा!" आम्हीं त्यावर कडी केली. मराठी कोठें शिकलीस, असें आम्हीं तिला इंग्रजींत विचारलें. तिनें मराठींतच सांगितलें कीं, चहाच्या टपरीवर. आणि मग अगदीं निरागसपणें तिनें विचारलें, "तुम्ही माझ्याशी मराठी काहून बोलत नाही?" तो अस्सल वऱ्हाडी 'काहून' ऐकून आम्ही सर्व हसलों. वास्तविक हसण्यासारखें त्यांत कांहीं नव्हतें. प्रश्न सरळ होता, व उत्तर आमच्यापाशीं नव्हतें.

सुशिक्षित घरांत याला जें पहिलें उत्तर मिळतें तें सौजन्याचें. पाहुण्याला कष्ट कशाला द्यावयाचे? पण ज्या मुलीनें घरदार सोडून परक्या देशांत भाषा शिकण्याचे कष्ट आपण होऊन पत्करले, तिच्या तोंडचें अर्धें वाक्य हिसकावून घेणें हें सौजन्य कसें? एक वाक्य जुळवावयास तिला जे चार क्षण लागतात, तेवढे थांबण्याचा धीर आम्हांला नसतो. शिवाय आमची इंग्रजी दाखविण्याची हौस असते. ती आमच्या पिढींत किती खोल गेली आहे हें, तीस वर्षें इंग्रजी शिकवून पोट भरलेल्या माणसानेंच कबूल केलेलें बरें.

दुसरें उत्तर असें कीं मराठी फार कठीण. दगड पुल्लिंगी, भिंत स्त्रीलिंगी आणि घर नपुंसकलिंगी. त्यानें आंबा खाल्ला पण पोळी खाल्ली. हें सारें परक्याला कसें साधावें? कोणती भाषा सोपी आहे? स्पॅनिशमध्यें 'असणें' या एका अर्थाला सेर व एस्तार अशीं दोन क्रियापदें आहेत, आणि त्यांतलें कोणतें केव्हां वापरावें यांत शिकणाराची वर्षें जातात. तरीहि जगभरचे विद्यार्थी सालामांका येथें ती भाषा शिकावयास जातात. तेथील विद्यापीठ १२१८ सालचें आहे. पण स्पेनचें सरकार केवळ त्याच्या जुनेपणावर संतुष्ट राहिलें नाहीं. त्यानें १९९१ सालीं सर्व्हांतेसच्या नांवानें एक संस्था काढली, देशोदेशीं तिचीं केंद्रें उघडलीं (एक दिल्लींतही आहे), आणि शिकणाराला आपण कोठवर आलों हें कळावें म्हणून सहा पायऱ्यांची परीक्षा ठेविली. सर्व्हांतेस आमच्या तुकारामाच्या काळाच्या आसपासचा. त्यांचा ग्रंथकार परक्यांपर्यंत नेणारी शिडी आहे. आमच्याकडे शिखर आहे, पण शिडी कोणी बांधावयाची याचा विचार नाहीं.

कांहीं मंडळी येथें हिंदीवर घसरतील. तें आम्हांला मान्य नाहीं. हिंदीनें आमचें कांहीं हिरावून घेतलेलें नाहीं. उलट जें काम आम्हीं करावयास हवें होतें तें तिनें आमच्या डोळ्यांदेखत करून दाखविलें आहे. १९३६ सालीं याच वर्ध्यांत राष्ट्रभाषा प्रचार समिति स्थापन झाली. ज्यांची मातृभाषा हिंदी नाहीं अशांसाठीं क्रमिक पुस्तकें, क्रमाच्या परीक्षा, प्रचारक, केंद्रें अशी सर्व व्यवस्था तिनें उभारली. त्या कार्यांत काका कालेलकरांसारखे मराठी मातृभाषेचे लोक होते. म्हणजे परक्याला भाषा कशी शिकवावी ही विद्या या गांवाला जवळजवळ नव्वद वर्षें अवगत आहे. फक्त ती मराठीसाठीं वापरण्याची बुद्धि आम्हांला झाली नाहीं.

आणि मराठी परक्यांना येत नाहीं असेंही नाहीं. थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें. कॅरेनें श्रीरामपुरास वैजनाथ पंडितांच्या साहाय्यानें १८०५ सालीं मराठीचें व्याकरण काढलें. मोल्सवर्थच्या १८३१ सालच्या कोशाशिवाय आजही आमचें पान हलत नाहीं. आपल्या काळांत मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन विदुषी फलटणास येऊन राहिल्या, मराठी झाल्या, आणि जाई निंबकर यांच्यासह त्यांनीं परदेशी विद्यार्थ्यांसाठीं मराठीचीं पाठ्यपुस्तकें रचलीं. अलीकडे मुंबई विद्यापीठांत अमराठी लोकांसाठीं मराठीचा पायरीपायरीचा अभ्यासक्रम तयार झाला; तो कोणी केला? तेथील जर्मन विभागानें, राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्यानें. यांत कोणाला दोष नाहीं, कौतुकच आहे. पण मराठीच्या प्राध्यापकांनीं या वस्तुस्थितीचा थोडा विचार करावा.

वर्ध्याशेजारीं अमरावती जिल्ह्यांत रिद्धपूर येथें आतां मराठी भाषेचें विद्यापीठ झालें आहे. महानुभावांच्या त्या भूमींत लीळाचरित्राचें संशोधन व्हावेंच. परंतु आमचें मागणें लहान आहे. परक्यांना मराठी शिकविणारा एक विभाग तेथें असावा, त्याचा एक संध्याकाळचा वर्ग वर्ध्यास चालावा, आणि त्याच्या पाठांत बाजारांतील, एस. टी. स्टँडवरील, टपरीवरील जिवंत वैदर्भी बोली असावी. 'काहून' हा शब्द अशुद्ध म्हणून खोडणारा मास्तर मात्र तेथें नेमूं नये.

तोंवर घरीं काय करावयाचें? आम्हीं एक नियम केला कीं, त्या मुलीशीं या घरांत मराठीच बोलावयाची. नियम पाळणें वाटलें होतें तितकें सोपें नाहीं; पहिल्याच संध्याकाळीं 'बैठो' हा शब्द आमच्याच तोंडून दोनदां निसटला. पण खरी फजिती पुढें झाली. गेल्या रविवारीं तिनें विचारलें कीं, जेवावयाच्या वेळीं तुम्ही 'आपण जेवूं' म्हणतां आणि गांवाविषयीं बोलतांना 'आम्ही वर्ध्याचे' म्हणतां. दोहोंचा अर्थ एकच ना? जन्मभर या दोन शब्दांत आमची कधीं चूक झालेली नाहीं. पण हें समजावून सांगावयास दहा मिनिटें गेलीं. 'आपण' म्हणजे ऐकणाराला धरून व 'आम्ही' म्हणजे त्याला वगळून, हें शेवटीं कसेंबसें सांगितलें. तिनें तें वहींत लिहून घेतलें व थोडा विचार करून म्हणाली, "मग मी कधी 'आपण वर्ध्याचे' म्हणायचं?"

तेवढ्यांत घरांतून जेवणाची हांक आली, म्हणून उत्तर राहिलें. ती पुढल्या रविवारीं पुन्हा यावयाची आहे.