पडदा कोणासाठी होता? ‘द डेटिंग गेम’ आणि निवडीचा देखावा

१/ एक जुनी चित्रफीत समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरत असते. १९७८ सालच्या एका अमेरिकी कार्यक्रमात एक तरुणी पडद्याआडच्या तीन पुरुषांतून एकाची निवड करते आणि तो पुढे अनेक खुनांचा गुन्हेगार ठरतो. खाली शेरा ठरलेला : ‘बघा, ही मुलींची निवड!’ हा शेरा इतिहासाचा विपर्यास आहे. तो कसा, ते क्रमाने पाहू. #थ्रेड

२/ प्रथम कार्यक्रमाविषयी. ‘द डेटिंग गेम’ २० डिसेंबर १९६५ रोजी एबीसी वाहिनीवर सुरू झाला. निर्माता चक बॅरिस, सूत्रसंचालक जिम लँग. एका बाजूस प्रश्न विचारणारी तरुणी, मध्ये आडपडदा, पलीकडे तीन अविवाहित पुरुष. कधी भूमिकांची अदलाबदलही होई. निवडलेल्या जोडीच्या सहलीचा खर्च कार्यक्रम करी आणि सोबत देखरेखीसाठी एक व्यक्ती पाठवी.

३/ आता नियम नीट वाचा, कारण सारे मर्म तेथेच आहे. नाव, वय, व्यवसाय आणि उत्पन्न, या चार गोष्टी विचारण्यास मनाई होती. उमेदवार म्हणजे केवळ ‘क्रमांक एक’, ‘क्रमांक दोन’, ‘क्रमांक तीन’. ज्यावरून माणसाचा माग काढता येईल ते सारे वगळलेले. उरली ती चटपटीत, द्व्यर्थी उत्तरे.

४/ ‘रूप न पाहता मन पाहण्याची संधी’ असे या पडद्याचे कौतुक होते. परंतु पडदा कोणाच्या डोळ्यांवर होता? प्रेक्षकांना तिघेही दिसत होते, सूत्रसंचालकालाही दिसत होते. दिसत नव्हते ते फक्त निवडणारीला. त्या मंचावर सर्वांत कमी माहिती जिच्याकडे, निर्णयाचा भार तिच्यावरच. तिच्या अज्ञानातूनच करमणूक निर्माण होत होती.

५/ काही मंडळी याला ‘आधुनिक स्वयंवर’ म्हणतात. आपल्याकडेही २००९ मध्ये ‘राखी का स्वयंवर’ने तो शब्द दूरचित्रवाणीवर आणला. पण महाभारत उघडून पाहा. द्रौपदीच्या स्वयंवरात धृष्टद्युम्न जमलेल्या राजांची नावे आणि कुळे तिला सांगतो. पण पित्याने ठेवलेला असल्याने तिचे स्वातंत्र्यही मर्यादितच होते, हे मान्य. तरी जमलेले राजे कोण आहेत, हे तिच्यापासून लपवलेले नव्हते. येथे लपवणे हाच खेळ होता.

६/ आता त्या भागाकडे वळू. १९७८ मधील ‘क्रमांक एक’ म्हणजे रॉडनी अल्काला. प्रेक्षकांना त्याची ओळख यशस्वी छायाचित्रकार अशी करून देण्यात आली. प्रत्यक्षात १९७१ मध्ये त्याचे नाव एफबीआयच्या दहा मोस्ट वाँटेड गुन्हेगारांच्या यादीत होते आणि १९७२ मध्ये एका बालिकेवरील अत्याचारासाठी तो दोषी ठरला होता. म्हणजे कागद उपलब्ध होते. ते पाहण्याचे काम कोणाचे? पडद्याअलीकडच्या तरुणीचे, की त्याला मंचावर बसवणाऱ्यांचे?

७/ चित्रफितीत न दिसणारी गोष्ट तर याहून महत्त्वाची. कार्यक्रमानंतर त्याच्याशी प्रत्यक्ष बोलताच त्या तरुणीला अस्वस्थ वाटले आणि तिने त्याच्यासोबत जाण्यास नकार दिला. कॅमेऱ्यासमोर जे झाले तो खेळातील डाव होता. तिची खरी निवड कॅमेरा बंद झाल्यावर झाली. ती अचूक होती. शेरे मारणारे मात्र डावालाच निर्णय समजतात.

८/ साधनचिकित्सेचा एक धडाही येथेच घ्यावा. उमेदवारांनी अश्लील उत्तरे देऊ नयेत म्हणून आपण एका नटाला एफबीआयचा अधिकारी बनवून त्यांना धाक घातला, असे बॅरिसने सांगितले आहे. कथा रंजक आहे. पण याच बॅरिसने १९८४ च्या आत्मकथनात आपण सीआयएचे मारेकरी होतो असाही दावा केला आणि सीआयएने तो फेटाळला. म्हणून माझा युक्तिवाद त्याच्या शब्दावर उभा नाही; तो कार्यक्रमाच्या नियमांवर उभा आहे.

९/ आक्षेप येईल : १९६५ साली एका स्त्रीने तीन पुरुषांची जाहीर उलटतपासणी घ्यावी, हे पुढचे पाऊल नव्हते काय? होते, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु प्रश्न विचारण्याचा अधिकार देऊन नेमके कामाचे प्रश्न काढून घेणे, याला स्वातंत्र्य म्हणता येत नाही. तो स्वातंत्र्याचा देखावा झाला.

१०/ तेव्हा मित्रहो, ती चित्रफीत पुन्हा समोर आली तर तिने कोणाला निवडले एवढेच पाहू नका. तिला काय विचारू दिले नव्हते, ते आधी विचारा. आणि कोणी ‘मुलींची निवड’ म्हणून हसलाच, तर त्याला तिचा नकार सांगा. त्या साऱ्या प्रकरणात शहाणपणाने वागलेली व्यक्ती तीच होती.