टिप गिऱ्हाइकाची, पगार मालकाचा

वाचकहो, हमरस्त्यावरच्या धाब्यावर तुम्ही-आम्ही जेवतो. शेवटी बशीत बडीशेप आणि बिल येतं. सुटे राहिलेले दहा-वीस रुपये आपण बशीतच ठेवून उठतो. ते पैसे कोणाचे? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला, वाढणाऱ्या पोराचे! पण अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात याच प्रश्नावरून आजही कायदे बदलण्याची ओढाताण चालू आहे. आपल्या खेड्यांतली पोरं सुगी सरली की धाब्यांवर कामाला जातात, म्हणून हा वाद इथे मांडतो.

तिथल्या केंद्रीय कायद्यात १९६६ साली एक फट ठेवली गेली. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने किमान वेतनाचा काही भागच स्वतः द्यायचा, बाकीचं टिपमधून भरून निघालं असं धरायचं. १९९१ साली मालकाचा हा हिस्सा ताशी २ डॉलर १३ सेंट झाला. तेव्हा तो किमान वेतनाच्या निम्मा होता. १९९६ साली ही सांगड तोडली. किमान वेतन पुढे वाढत २००९ साली सव्वासात डॉलरवर गेलं, पण २ डॉलर १३ सेंट जागचे हलले नाहीत. टिप कमी पडली तर फरक मालकाने भरावा, असं कायदा म्हणतो. पण तो मागायचा कोणी, आणि मागून दुसऱ्या दिवशी त्याच मालकाच्या दारात उभं राहायचं कसं?

कॅलिफोर्नियासह सात राज्यांत ही सूट नाही. शिकागो शहराने २०२३ साली ती पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायचं ठरवलं. उलट मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०२४ साली तसाच प्रस्ताव फेटाळला. मालकांचा विरोध होताच, पण काही वेटरही म्हणाले की, पूर्ण पगार मिळतोय म्हटल्यावर गिऱ्हाईक खिशात हात घालणार नाही. ही भीती अगदीच खोटी म्हणता येत नाही. २०२५ साली तिथल्या सरकारने नवीनच टूम काढली. वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंतच्या टिपेला २०२८ पर्यंत केंद्रीय आयकरात सूट दिली. मालकाच्या हिश्श्याला हातही लावला नाही.

आता आपल्याकडे या. टिप पगारात धरण्याची मुभा आपल्या कायद्याने मालकाला दिलेलीच नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ साली एका आयकराच्या खटल्यात सांगितलं की, गिऱ्हाइकाने दिलेली टिप हा मालकाने दिलेला पगार नव्हे. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या जागी आता वेतन संहिता आली, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. म्हणजे कागदावर आपण अमेरिकेच्या पुढे!

आणि धाब्यावर? "पगार थोडा आहे, पण वरकमाई चांगली आहे. जेवण-झोपणं आपल्याकडेच." या दोन वाक्यांत सौदा तुटतो. तिकडे जी फट कायद्याने ठेवली, ती इकडे तोंडी पाडून झाली आहे. त्यात आता मोबाईलवरून पैसे देणं आलं. गिऱ्हाईक १८० च्या बिलाला २०० रुपये पाठवतं, पोराकडे बघून हसतं आणि निघून जातं. भिंतीवरचा तो चौकोन मालकाच्या खात्याचा असतो. वीस रुपये कुठे गेले, हे पोराला कळतही नाही.

कोणी म्हणेल, गावात बलुतंही असंच चालायचं की. नाही. बलुत्यात वाटा ठरलेला असायचा, तो हक्काने मागता यायचा. (ते मागताना कोणाला किती मान खाली घालावी लागे, हेही आम्ही विसरलेलो नाही.) टिप मागता येत नाही. ती मर्जीवर असते, आणि पावसाळ्यात रस्ता ओस पडला की मर्जीही नसते. दुकानातली उधारी मात्र बारमाही!

आमचं मागणं मोठं नाही. संहितेप्रमाणे मालकाने वेतनाचे दर फलकावर लावायचे आहेत आणि पगाराची चिठ्ठी द्यायची आहे. हे दोन्ही किती धाब्यांवर दिसतं, ते कामगार खात्याच्या साहेबांनी एकदा गाडी थांबवून पाहावं. हॉटेलांसाठी वेतनाचे दर ठरवताना टिप आणि पगार वेगळे, असं एक स्पष्ट वाक्य सरकारने अधिसूचनेत घालावं. मोबाईलवरून येणाऱ्या टिपेचा हिशेब रोजच्या रोज कामगारापुढे मांडला जावा.

आणि आईबापहो, पोराला धाडण्याआधी पगार रुपयांत विचारा. वरकमाईचं नाव निघालं तर ती बाजूला ठेवायला सांगून पुन्हा विचारा. पोराला एक वही द्या. किती दिवस भरले आणि हातात काय पडलं, ते रोज लिहायला लावा. कमी मिळालेल्या पगाराचा दावा करायला पूर्वी सहा महिन्यांची मुदत होती, आता तीन वर्षांची आहे. ती वही तोवर सांभाळून ठेवा.