अळंबीचे कूळ आणि फ्रीसचे ऋण

पावसाने जोर धरला की गोव्यात रस्त्याच्या कडेला पानांत मांडलेली अळमी दिसू लागते आणि तिचा भाव ऐकून भलेभले थबकतात. गोवा-कोकणापासून आदिलाबादच्या सागवानी रानांपर्यंत, जिथे जिथे मराठी कानी पडते, तिथे तिथे या दिवसांत अळंबी उगवते. त्यांतली कोणती पानात वाढावी आणि कोणती विषारी म्हणून टाकावी, हा प्रश्न जिवावर बेतणारा आहे. त्याचे शास्त्रशुद्ध उत्तर शोधण्याची वाट एका स्वीडिश निसर्गाभ्यासकाने घालून दिली, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

एलियास फ्रीस यांचा जन्म १७९४ चा. ‘सिस्टेमा मायकोलॉजिकम’ हा त्यांचा ग्रंथ १८२१ ते १८३२ या काळात प्रसिद्ध झाला. छत्रीखाली पडदे आहेत की छिद्रे की दाते, आणि बीजुकांचा रंग पांढरा, गुलाबी, तपकिरी की काळपट, अशा साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांवर त्यांनी कवकांची मांडणी केली. १९८१ साली सिडनीच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत नामकरणाचा आरंभ लिनियसच्या १७५३ च्या ग्रंथापर्यंत मागे नेण्यात आला. तरीही पर्सून आणि फ्रीस यांनी स्वीकारलेल्या नावांना खास संरक्षण मिळाले. डीएनएच्या तपासणीने फ्रीस यांचे कित्येक गट आज मोडले आहेत. पण बीजुकांचा रंग पाहण्याची त्यांची शिस्त कायम आहे. आपल्या देशातही आढळणारी ‘क्लोरोफायलम मॉलिबडायटीस’ ही विषारी छत्री तिच्या हिरवट बीजुकांमुळे ओळखू येते. मात्र ही ओळखीची केवळ एक पायरी आहे. तेवढ्या भरवशावर कोणी रानातली छत्री चुलीवर चढवू नये.

या विद्येचे रोप आपल्या भूमीतही रुजले. १९०५ पासून बिहारमधील पुसा येथे एडविन बटलर यांनी भारतीय कवकांच्या अभ्यासाचा पाया घातला. श्री. ल. आजरेकर यांनी शॉ यांच्यासमवेत ‘रायझोक्टोनिया’ या कवकावर लिहिलेला प्रबंध १९१५ चा आहे. मालवणात जन्मलेल्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या पुढाकाराने १९४६ साली पुण्यात उभी राहिलेली संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तेथील कवक-संग्रहालयास आजरेकरांचे नाव आहे. मो. ना. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये महाराष्ट्रातील कवकांची सूची ग्रंथरूपाने सिद्ध केली.

हा वारसा पुढे चालवणार कोण, हा आमचा प्रश्न आहे. जगात आजवर सुमारे दीड लाख कवकांना नावे मिळाली आहेत. अनाम राहिलेली त्याहून कितीतरी पटींनी अधिक असावीत असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. असे असूनही वर्गीकरण म्हणजे जुनाट विषय, अशी समजूत विद्यापीठांतून बळावली आहे. रानात हिंडून नमुने गोळा करणाऱ्या तरुणाला ना प्रतिष्ठा, ना नोकरी. ज्या जातीला नाव नाही, तिचे रक्षण कोणत्या कायद्याने करणार?

आमच्या अळमीचेच पाहा. रॉजर हाईम यांनी १९४२ मध्ये ‘टर्मिटोमायसिस’ असे नाव दिलेल्या कुळातील ही छत्री वाळवीने आपल्या वारुळात जोपासलेल्या बागेतून वर येते. माणसाला तिची लागवड अद्याप साधलेली नाही. म्हणजे रोयण मोडली की अळमी संपली. ज्या रोयणीला आपण सांतेरी म्हणून हात जोडतो, तीच घरांच्या आणि रस्त्यांच्या कामात यंत्राखाली चिरडली जाताना आपल्याला काहीच वाटू नये, ही कसली श्रद्धा?

अळमी काढणाऱ्यांनी रोयण खणू नये आणि काही छत्र्या उमलू द्याव्यात. ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील रोयणींची नोंद ठेवावी. विद्यापीठांनी वर्गीकरणाच्या अभ्यासाला हक्काची जागा द्यावी आणि गावकऱ्यांच्या तोंडची अळंबीची नावे शास्त्रीय नावांशेजारी टिपून घ्यावीत. ती नावे जाणणारी म्हातारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. हे काम पुढच्या पावसाळ्यावर ढकलण्याजोगे नाही.