विश्लेषण : वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेने अनिवार खाणं थांबतं का?

फेब्रुवारी २०२५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी खाद्यतेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करण्याचं आवाहन केलं. पुढच्याच महिन्यात मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही वजन कमी करणारी इंजेक्शनं भारतात आली. शस्त्रक्रियेचा पर्याय मात्र त्याआधीपासून आहे. २०११ साली भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि 'बॅरिॲट्रिक' हा शब्द विदर्भातही ओळखीचा झाला. पण ज्यांचा खाण्यावर ताबाच राहत नाही, त्यांना तिचा उपयोग होतो का?

जास्त खाणं आणि ताबा सुटणं

पोहरादेवीच्या यात्रेत पंगतीला बसून आग्रहाने चार घास जास्त खाल्ले, तर तो आजार नव्हे. अमेरिकेच्या मनोविकार संघटनेने २०१३ मध्ये 'बिंज ईटिंग डिसऑर्डर'ला स्वतंत्र आजार मानलं. थोड्या वेळात खूप खाणं, थांबावंसं वाटूनही थांबता न येणं, एकट्याने लपून खाणं आणि नंतर स्वतःची शिसारी येणं ही त्याची लक्षणं. आठवड्यातून किमान एकदा, असं तीन महिने घडलं तर निदान होतं. आपल्याकडे याला सरसकट 'खादाडपणा' म्हटलं जातं. त्यामुळे माणूस डॉक्टरकडे जातो तो वजनासाठी, खाण्याबद्दल मात्र बोलतच नाही.

शस्त्रक्रिया नेमकं काय बदलते?

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. या भागात 'घ्रेलिन' हे भुकेचं संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं, त्यामुळे भूकही कमी होते. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. म्हणजे फक्त पोट लहान होतं असं नाही, तृप्तीचे संदेशही बदलतात. पहिल्या वर्षात अनेकांचे बिंजचे झटके खरोखरच कमी होतात.

अडचण त्यानंतर येते. लहान झालेल्या पोटात एका वेळी खूप अन्न मावत नाही, पण ताबा सुटण्याची भावना तशीच राहू शकते. मग दिवसभर थोडं थोडं चरणं सुरू होतं, किंवा आइस्क्रीम, सरबत, मिठाई असे सहज घशाखाली उतरणारे पदार्थ वाढतात. शस्त्रक्रियेनंतर ज्यांचा ताबा पुन्हा सुटू लागतो, त्यांचं वजन तुलनेने कमी उतरतं किंवा परत वाढतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. काहींच्या बाबतीत अन्नाची जागा दारू घेते, आणि बायपासनंतर ती लवकर चढते. स्वतःला इजा करून घेण्याचा धोकाही वाढलेला आढळला आहे. जाहिरातींतल्या 'आधी आणि नंतर'च्या फोटोंत यातलं काहीच नसतं.

भुकेचं मूळ दरवेळी मनातच असतं असंही नाही. २०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद उपचारांसाठी मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली होती. तिच्या तपासणीत लेप्टिन या संप्रेरकाशी संबंधित जनुकीय दोष सापडला होता. म्हणूनच निर्णयाआधी भुकेचं कारण शोधणं महत्त्वाचं.

मग बिंज असेल तर शस्त्रक्रिया नाहीच?

तसंही नाही. मधुमेह, झोपेत श्वास अडकणं असे त्रास बळावले असतील, तर केवळ या विकारामुळे शस्त्रक्रिया नाकारली जात नाही. पण ती वजनावरची आणि मधुमेहावरची शस्त्रक्रिया आहे, खाण्याच्या विकारावरची नव्हे. त्यासाठी मुख्य उपचार म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी मानसोपचार पद्धत, सीबीटी. ती आधी सुरू करून शस्त्रक्रियेनंतरही चालू ठेवणं हाच शहाणपणाचा क्रम वाटतो. खाण्यावरचा ताबा सुटतो का, हे न विचारताच कुणी तारीख देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं.

खर्च आणि अंतर

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार आशियाई लोकांसाठी २७.५ पेक्षा जास्त बीएमआयपासून शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो. विम्याचे निकष मात्र कडक आहेत: बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, अथवा ३५ आणि सोबत अनियंत्रित मधुमेह किंवा हृदयविकारासारखा गंभीर आजार. या दोन आकड्यांच्या मधल्या रुग्णाला खर्च बहुधा स्वतःच करावा लागतो.

शिवाय बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या पुढे आयुष्यभर चालतात. पोहरादेवी किंवा मानोऱ्यातल्या रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी नागपूर किंवा मुंबई गाठणं एकदा जमेल, पण दर काही महिन्यांनी, तेही आहारतज्ज्ञ आणि समुपदेशकासाठी? हा हिशेब आधीच मांडायला हवा. समुपदेशनाची सुरुवात मात्र फोनवरूनही होऊ शकते. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे.