इंद्रायणीच्या दोन्ही काठांचा एकच नकाशा हवा

मोशीचा पूल ओलांडला की महापालिकेची हद्द संपते आणि खेड तालुका, म्हणजे जिल्हा परिषदेचे क्षेत्र सुरू होते. डासांना ही हद्द ठाऊक नसते. चाकण एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारा, कुरुळी किंवा महाळुंग्यात चार-पाच जणांच्या खोलीत राहणारा तरुण तापाने फणफणला, की अनेकदा पिंपरी-चिंचवडमधले मोठे रुग्णालय गाठतो. केस पेपरवर पत्ता लागतो तो आधार कार्डावरचा : बीड, लातूर, नाहीतर थेट बिहार. डेंग्यूचे निदान होते, रुग्ण बरा होऊन परततो. त्याच्या खोलीमागच्या उघड्या पिंपापर्यंत मात्र कोणी पोहोचत नाही. आठ-दहा दिवसांनी शेजारच्या खोलीतला तापतो.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुईलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. ते वेगवेगळ्या रुग्णालयांत विखुरलेले होते. पण राहते पत्ते एकत्र मांडल्यावर सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी हा पट्टा उठून दिसला आणि लक्ष पाण्याकडे वळले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणूही आढळला.

साधने नाहीत, असे नाही. आठवड्याच्या तक्त्यांची जुनी पद्धत मागे टाकून एप्रिल २०२१ मध्ये ‘आयएचआयपी’ ही ऑनलाइन प्रणाली देशभर आली. रुग्णाची नोंद गावासह, जवळपास त्याच दिवशी तीत करता येते. क्षयरोगाच्या ‘निक्षय’मध्ये तर जिल्हा बदललेल्या रुग्णाची नोंद नव्या जिल्ह्याकडे वर्ग होते. स्थलांतरितांचा माग ठेवणे आपल्याच यंत्रणेला जमलेले आहे.

अडते दुसरीकडेच. आरोग्यसेविका एकच माहिती आधी रजिस्टरात, मग ॲपमध्ये, मग वरिष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी पुन्हा एक्सेलमध्ये भरते. नवे ॲप देताना जुने रजिस्टर बंद करण्याचा आदेश क्वचितच निघतो! शिवाय भरलेली माहिती रोज सकाळी नकाशावर पाहणारा, संख्याशास्त्र कळणारा माणूस नेमलेला नसेल, तर ती संगणकातच पडून राहते. महापालिका आणि जिल्हा परिषद यांनी मिळून असा एक कक्ष उभारला, तर खर्च फारसा येणार नाही.

कामगार खरा पत्ता सांगायला कचरतो, हेही खरे. खोलीमालक बाहेर काढेल, ठेकेदार खाडे धरेल, ही त्याची भीती खोटी नाही. म्हणून नकाशावर नाव नको, फक्त जागा हवी. आणि पावसाळ्याआधी केस पेपरवर एक ओळ वाढवावी : सध्या कुठे राहता?