हा चौक कुणाच्या बापाचा?

राज्यकर्ते लोकांना भिऊ लागले की आधी कुंपणे उंच होतात, मग नियम वाढतात आणि शेवटी माणसे उचलली जातात. वॉशिंग्टनच्या लाफायेत चौकात हे तिन्ही घडून चुकले आहे. उठता-बसता जगाला लोकशाहीचे धडे देणाऱ्या अमेरिकेने आपल्या राष्ट्राध्यक्षाच्या दारासमोरची सात एकरांची सार्वजनिक जागा लोकांपासूनच राखायला घेतली आहे. हा निर्लज्जपणा आहे, आणि आम्ही त्याला दुसरे नाव देणार नाही.

7 सप्टेंबर 2025 च्या रविवारी व्हाइट हाऊससमोरचा एक निळा आडोसा पोलिसांनी उखडून नेला. काय होते त्या आडोशाखाली? काही फलक, एक खुर्ची आणि आळीपाळीने पहारा देणारी माणसे. 3 जून 1981 रोजी विल्यम थॉमस नावाचा माणूस अण्वस्त्रांविरुद्धचा फलक घेऊन तिथे बसला. त्याच वर्षी कन्सेप्सिओन पिच्चोतो ही बाई त्याला येऊन मिळाली आणि जानेवारी 2016 मध्ये मरण येईपर्यंत तिने ती जागा सोडली नाही. बर्फ पडला, ऊन तापले, थॉमस 2009 मध्ये गेला, तरी पहारा चालू राहिला. त्या काळात सात राष्ट्राध्यक्ष त्या घरात राहिले. त्यांना तो फलक आवडो वा न आवडो, सर्वांना तो सोसावा लागला. 2025 च्या सप्टेंबरात एका पत्रकाराने ट्रम्प यांच्याकडे त्या आडोशाची तक्रार केली, त्यांनी जागच्या जागी हुकूम सोडला आणि दोन दिवसांत 44 वर्षांचा आडोसा जमीनदोस्त झाला. कारण काय सांगितले? बेघरांच्या वस्त्या हटवायच्या आहेत! बेघराला आधी गुन्हेगार ठरवायचे आणि मग निषेध करणाऱ्याला बेघर ठरवायचे, असा हा दुहेरी अन्याय आहे.

हा चौक म्हणजे राष्ट्राध्यक्षाचे अंगण, अशी या मंडळींची समजूत झालेली दिसते. त्यांनी आपला इतिहास वाचावा. ही जमीन मुळात राष्ट्राध्यक्षाच्या आवाराचाच भाग होती. जेफर्सनच्या कारकिर्दीत, 1804 साली, पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूचा रस्ता मधून काढला गेला आणि ही बाजू लोकांकडे आली. सत्ताधाऱ्याच्या दारासमोरून रस्ता जाईल आणि रस्त्यापलीकडे जनता उभी राहील, ही रचना प्रजासत्ताकाला शोभणारी होती. 1995 मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या स्फोटानंतर तो रस्ता वाहनांना बंद झाला. पुढे व्हाइट हाऊसचे लोखंडी कुंपण सुमारे 13 फुटांपर्यंत चढले. 2018 मध्ये घरासमोरच्या पदपथाची जेमतेम पाच फुटांची पट्टी लोकांना ठेवून बाकीची काढून घेण्याचा प्रस्ताव आला. देशभरातून हरकतींचा पाऊस पडला तेव्हा कुठे तो मागे घ्यावा लागला.

या चौकाच्या मध्यभागी अँड्र्यू जॅक्सनचा घोड्यावरचा पुतळा 1853 पासून उभा आहे. गुलामांचा मालक आणि मूलनिवासींना त्यांच्या भूमीतून हाकलण्याच्या 1830 च्या कायद्यावर सही करणारा हा राष्ट्राध्यक्ष. चार कोपऱ्यांत मात्र चार परदेशी सेनानी आहेत: फ्रान्सचे लाफायेत आणि रोशाम्बो, पोलंडचा कोशच्युश्को, प्रशियाचा स्टॉयबेन. अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी ते बाहेरून येऊन लढले. उपऱ्यांच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी एकदा या चौकाला प्रदक्षिणा घालावी आणि आपले प्रजासत्ताक कुणाच्या खांद्यावर उभे राहिले ते पाहावे.

आणि चौकाच्या वायव्य कोपऱ्यावरच्या डिकेटर हाऊसकडेही पाहावे. विटांच्या त्या घरामागे गुलामांना ठेवण्याची इमारत आजही उभी आहे, व्हाइट हाऊसपासून हाकेच्या अंतरावर. 1829 मध्ये या घरात राहणाऱ्या शार्लट डुपुई या गुलाम स्त्रीने आपल्या मालकावर स्वातंत्र्यासाठी दावा ठोकला. मालक कोण? देशाचा परराष्ट्रमंत्री हेन्री क्ले! तो केंटकीला निघाला तेव्हा ती त्याच्याबरोबर गेली नाही, खटला चालू असेपर्यंत वॉशिंग्टनमध्येच पगारावर काम करत राहिली. 1830 मध्ये निकाल विरुद्ध गेला. तरी ती परत जाईना, तेव्हा क्लेने तिला तुरुंगात टाकवले. गुलामीतून सुटका व्हायला 1840 उजाडले. जिच्या नावावर स्वतःचा देहसुद्धा नव्हता, त्या बाईने या चौकातून सत्तेला कोर्टात खेचले. चौकाचा खरा वारसा तिचा आहे.

तोच वारसा मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांनी चालवला. जानेवारी 1917 पासून त्या व्हाइट हाऊसच्या फाटकासमोर फलक धरून मुकाट्याने उभ्या राहिल्या. त्यांना पकडून ऑकोक्वानच्या तुरुंगात नेले. तिथे 14 नोव्हेंबरच्या रात्री पहारेकऱ्यांनी त्यांना बदडले आणि ल्यूसी बर्न्सचे हात डोक्यावर कोठडीच्या गजांना बेड्यांनी बांधून ठेवले. 6 ऑगस्ट 1918 रोजी त्याच स्त्रिया लाफायेतच्या पुतळ्यापाशी जमल्या. 48 जणींना अटक झाली. गुन्हा काय? परवान्यावाचून सभा घेतली आणि पुतळ्यावर चढल्या! दोन वर्षांत, 1920 च्या ऑगस्टमध्ये, मताधिकार घटनेत लिहिला गेला. तो परवाना मागून मिळाला नाही, चौकात उभे राहून मिळाला.

परवानेशाहीला पुढे न्यायालयाचाही आशीर्वाद मिळाला. बेघरांचे हाल दाखवण्यासाठी कार्यकर्त्यांना 1982 च्या हिवाळ्यात या चौकात तंबू ठोकायची परवानगी मिळाली, पण तंबूत झोपायची मिळाली नाही. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. थरगुड मार्शल यांनी विरोधी निकालपत्र लिहिले. ज्याला घर नाही त्याचे उघड्यावर झोपणे हेच त्याचे म्हणणे असते, हे बहुमतातल्या न्यायाधीशांना दिसले नाही. 1984 च्या त्या निकालाने झोप बेकायदा ठरली होती, 2025 मध्ये आडोसा बेकायदा ठरला. उद्या नुसते उभे राहणे बेकायदा ठरणार नाही, याची हमी कोण देणार?

ती हमी 1 जून 2020 रोजीच मोडली आहे. जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येने पेटलेले लोक त्या दिवशी चौकालगत जमले होते. संचारबंदी संध्याकाळी सातची होती. साडेसहाच्या सुमारास घोडेस्वार, ढाली आणि डोळे जाळणारी रसायने घेऊन पोलीस लोकांवर तुटून पडले. ऑस्ट्रेलियन वाहिनीच्या कॅमेरामनला ढालीचे तडाखे बसले आणि ते थेट प्रक्षेपणात जगाने पाहिले. थोड्याच वेळात ट्रम्प त्या मोकळ्या केलेल्या वाटेने चालत सेंट जॉन चर्चसमोर गेले आणि हातात बायबल धरून छायाचित्र काढून घेतले. पुढच्या वर्षी महानिरीक्षकांचा अहवाल आला: कारवाई छायाचित्रासाठी नव्हती, कुंपण उभारण्यासाठी होती. हा बचाव म्हणायचा? जिवंत माणसांना मारून बाजूला काढले ते जाळी ठोकण्यासाठी, एवढाच त्याचा अर्थ! सत्तेला कुंपण माणसांपेक्षा प्रिय आहे, याचा कबुलीजबाब सरकारच्याच कागदावर आला. त्या 1 जूननंतर चार दिवसांनी शहराच्या महापौरांनी समोरच्या सोळाव्या रस्त्यावर कृष्णवर्णीयांच्या जिवाचे मोल सांगणारी पिवळी अक्षरे रंगवली. मार्च 2025 मध्ये, काँग्रेसमध्ये निधी रोखण्याचे विधेयक येताच, तीही खणून काढण्यात आली.

सुरक्षेचे काय, असे विचारणारे आहेत. राष्ट्राध्यक्षाच्या जिवाची काळजी घ्यावी, जरूर घ्यावी. पण फलकाजवळ बसलेल्या माणसाने 44 वर्षांत कोणता बॉम्ब फोडला? चौक देखणा दिसला पाहिजे, असेही कुणी म्हणतील. देखणेपणासाठी बागा आहेत. चौकाचे देखणेपण त्यात उभ्या राहणाऱ्या निर्भय माणसांत असते.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने 1924 मध्येच सर्वांना खुले केले होते. पण कागदावर खुल्या झालेल्या त्या पाण्याला अस्पृश्यांचा ओठ लागला नव्हता. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले, तेव्हा ते तळे खऱ्या अर्थाने सार्वजनिक झाले. वॉशिंग्टनजवळ, मेरीलँडच्या अकोकीकमध्ये, 2023 पासून बाबासाहेबांचा 19 फुटी पुतळा उभा आहे. त्याला हार घालणाऱ्यांनी महाडचा धडा चौकातही न्यावा: वापरला नाही तो हक्क मेला.

अमेरिकेकडे बोट दाखवून आमच्या राज्यकर्त्यांना सुटता येणार नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी फ्लोरा फाउंटनला लोकांनी गोळ्या झेलल्या, म्हणून तिथे हुतात्मा चौक झाला. आज त्याच मुंबईत मोर्चा आझाद मैदानाच्या कोपऱ्यात कोंडला जातो. ऑगस्ट 2025 मध्ये मराठा आंदोलकांना अट घातली गेली: पाच हजार माणसे, एक दिवस, संध्याकाळी सहापर्यंत. दिल्लीत बोट क्लब लोकांच्या हातून गेला. जंतरमंतरवर 2017 मध्ये हरित लवादाने बंदी घातली, ती उठवायला 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुढे यावे लागले. रोग एकच आहे, फक्त राजधान्या वेगळ्या आहेत.

आणि दर उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मुलांकडे जाणाऱ्या आमच्या हजारो आईबाबांना, त्यांना गाडीतून फिरवणाऱ्या लेकी-सुनांना, मुला-जावयांना आमचे सांगणे आहे. व्हाइट हाऊसकडे तोंड करून फोटो काढता, तसे वळून चौकाकडेही तोंड करा. नातवंडांना डिकेटर हाऊसच्या मागची इमारत दाखवा, 48 बायकांना कुठे पकडले ते सांगा. कुणी फलक घेऊन उभा असेल तर त्याचा फलक वाचा, त्याच्याशी बोला. व्हिसावर असलेल्याची भीती खरी आहे. त्याला आम्ही भित्रा म्हणणार नाही. पण ज्यांनी त्या देशाचे नागरिकत्व घेतले, घरे घेतली, मते मिळवली, त्यांनी आपल्याला काय करायचे म्हणून पाठ फिरवणे ही कृतघ्नता आहे. अमेरिका बाहेरून आलेल्यांना मोकळी झाली ती 1965 च्या कायद्याने, आणि त्या कायद्याला बळ दिले ते रस्त्यांवर आणि चौकांत मार खाल्लेल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याने. त्या लढ्याचे फळ खाऊन त्या चौकाचा गळा आवळला जाताना गप्प बसायचे?

आमची मागणी साधी आहे. आडोसा होता तिथे परत येऊ द्या. चौकाला जाळ्या लावणे बंद करा. निषेधाला परवान्याच्या खिडकीत उभे करू नका. राष्ट्राध्यक्ष चार किंवा आठ वर्षांचा भाडेकरू असतो. मालक रस्त्यापलीकडे उभा आहे. मालकाला हाकलण्याचा हक्क भाडेकरूला कुणी दिला? कुणीच नाही! म्हणून ज्यांचा हा चौक आहे त्यांनी तिथे जावे, उभे राहावे, आणि उठवले तर पुन्हा येऊन उभे राहावे!